बाहेर जायचा दाखला

रोवणीच्या दिवसांत आमच्या गावात धडधाकट बाई घरी दिसली, तर लोक विचारतात, बरं नाही का. त्या वर्षी मला कोणी विचारलं नाही, कारण माझ्या घरी राहण्याला कामाचं नाव मिळालं होतं. आमच्याकडे चार घरं मिळून एकमेकांची रोवणी करतात. आज आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उद्या शेजाऱ्यांच्या. सगळ्या बायांनी चिखलात उतरायचं, धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, लावायचे, आणि एकीनं घरी राहून चारही घरांची लहान पोरं सांभाळायची. तिचा दिवससुद्धा रोवणीतच धरतात. ती एक म्हणून माझी निवड माझ्या सासूबाईंनी केली. सासूला आमच्याकडे मामी म्हणतात, म्हणून इथंही मामीच लिहिते.

"तुले तसाही चिखल सोसत नाही," मामी म्हणाल्या. "पोट्ट्यांपाशी राह्यजो. सावलीचं काम आहे."

सावलीचं काम होतं हे खरं. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत नुसती सावलीच. दोन खोल्या, एक पडवी आणि भिंतीनं वेढलेलं अंगण, त्यात सात पोरं. सगळ्यांत लहान दीड वर्षाचं, सगळ्यांत मोठी सहा वर्षांची, आणि मधे कुठेतरी माझी चार वर्षांची मुलगी. त्यांच्याहून मोठी शाळेत जायची. अंगणवाडी नाल्याच्या पलीकडे, आणि नाल्याला पाणी चढलं की तिकडे जाणं बंद. आमच्या घरामागे वीस पावलांवर बोडी आहे, म्हणजे शेतीचं लहानसं तळं. पावसाळ्यात ते काठोकाठ भरतं. त्यामुळे मामींचा एकच हुकूम होता, की अंगणाच्या दाराची कडी दिवसभर निघता कामा नये. हुकूम पोरांसाठी होता, पण कडी काही माणूस बघून लागत नाही. मीही आतच.

मला बाहेर कुठे जायचं होतं तेही सांगते, नाहीतर हे सगळं रडगाणं वाटेल. मुलगी होण्याआधी दोन वर्षं मी मोहाडीला तहसीलजवळच्या एका ऑनलाईन केंद्रात बसत होते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मुलांचे प्रवेशाचे अर्ज. पलीकडे माणसांची रांग, अलीकडे माझी खुर्ची. माझ्या बापाच्या वयाची माणसं मला मॅडम म्हणायची आणि मी त्यांना सांगायची, काका, आधार कार्डाची झेरॉक्स जोडा. कोणाला हसू येईल, पण ती खुर्ची मला फार आवडायची. मालकानं फोनवर सांगितलं होतं की रोवणी उरकली की या, मुलगी आता मोठी झाली असेल. मामींनीही सांगितलं होतं, "रोवणी होऊ दे, मंग जाय. पोरीले मी पाहीन." या एका वाक्यावर मी तो सगळा काळ काढायला निघाले होते.

पहिले दोन दिवस मोबाईलनं तारलं. तिसऱ्या दिवशी लाईट गेली ती संध्याकाळीच आली, आणि मोबाईल दुपारी बाराला बंद पडला. मग माझी खरी परीक्षा सुरू झाली. चिंचोके काढले. त्यातला एक दीड वर्षाच्या पोरानं नाकात घातला, म्हणून चिंचोके परत डब्यात गेले. पडवीत खडूनं चौकोन आखून टिक्करबिल्ला सुरू केला, तर दोघं एकाच चौकोनासाठी भांडले. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घरात एकच, ओढणारे सात. नंदीचं एक चाक त्याच दिवशी निघालं. रेसटीप खेळायची म्हटलं तर दोन खोल्यांत लपायच्या जागा तीन, त्या सगळ्यांना पाठ. तरी दर वेळी सापडल्यावर तेवढंच खिदळायची. मला त्या खिदळण्याचा राग यायचा.

लिहूनच टाकते, मला ती पोरं आवडत नव्हती. एकेकटी गोड होती. सात मिळून ती एक असं काहीतरी व्हायची, ज्याला सतत काहीतरी पाहिजे असायचं. पाणी पाहिजे, शी आली, यानं मारलं, आई कधी येईल, आता काय खेळायचं. शेवटचा प्रश्न तर दर अर्ध्या तासाला. एकदा सहा वर्षांच्या मुलीनं तो तिसऱ्यांदा विचारला तेव्हा मी तिला चापट मारली. ती रडली नाही, कोपऱ्यात जाऊन बसली. तिची आई संध्याकाळी चिखलानं माखलेली आली, तर ही पोरगी तिला बिलगून म्हणाली, "काकूनं आज बाहुलीचं लगन लावलं." तिनं चापटीचं नाव काढलं नाही. मी ओशाळले, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

कामाला लागले म्हणजे खरोखरच लागले. तणसाच्या, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाच्या, बाहुल्या केल्या. ओल्या मातीचे बैल, चूल, खलबत्ता, तवा असं सगळं घर केलं. जुन्या साडीचा तंबू बांधला. पाऊस थांबला की अंगणातल्या डबक्यात होड्या सोडल्या. मला ते जमत गेलं, आणि जमतंय हे कळल्यावर माझी मलाच चीड आली. चांगलं शिकवलेलं माकड असतं तसं माझं झालं होतं. पोरं सकाळी सातच्या आधीच दारात येऊ लागली. संध्याकाळी आया न्यायला आल्या की घरी जायला रडू लागली. पाचव्या घरातलंही एक पोर येऊ लागलं. सातची आठ झाली.

मग तो गुरुवार. आमच्या शेवटच्या बांधीची रोवणी झाली होती, आता शेजाऱ्यांच्या थोड्या बांध्या उरल्या होत्या. मामींनी अंगणाच्या कोपऱ्यात पऱ्ह्यांच्या पाच-सहा पेंढ्या ओल्या पोत्याखाली ठेवल्या होत्या. मला वाटलं, उरलेले आहेत, ढोरांना टाकतील. सकाळपासून पाऊस, लाईट नाही, आणि माझ्या डोक्यातले खेळ संपलेले. दहाच्या सुमाराला उघडीप झाली. अंगणाचा नुसता चिखल झालेला. मी एक पेंढी सोडली आणि म्हटलं, चला, रोवणी रोवणी खेळू.

त्यांना शिकवावं लागलं नाही. झाडीपट्टीतलं पोर चालायच्या आधी रोवणी बघतं. त्यांनी ओळ धरली, ढुंगण वर केलं, आणि एकेक रोप चिखलात खोचत मागे मागे सरकू लागली, अगदी आयांसारखी. मोठी मुलगी मुकादम झाली. "मांगं पाय पाहून ठेव वं," असं ती दुसऱ्यांवर ओरडत होती. सगळ्यांत लहान पोर चिखलात बसून एकच रोप उपटत होतं आणि लावत होतं. एक पेंढी संपली तशी मी दुसरी दिली, मग तिसरी. दोन तास मला कोणी काही मागितलं नाही. अख्ख्या पावसाळ्यात असे दोन तास मला मिळाले नव्हते.

मी पायरीवर बसले आणि थोडं चार्जिंग होतं त्यावर केंद्राच्या मालकाला फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, बरं झालं तुम्हीच फोन केला. सोमवारपासून या. दाखल्यांची फार गर्दी आहे. सोमवारी तुम्ही नाही आल्या तर एक मुलगी तयार आहे, तिला बसवावं लागेल." मी म्हटलं, येते. फोन ठेवल्यावर मला इतका आनंद झाला की मी उरलेल्या पेंढ्याही सोडून पोरांना दिल्या, आणि साडी खोचून स्वतः एक ओळ लावली.

संध्याकाळी मामी आणि तीन घरच्या बाया आल्या. मी कडी काढली आणि मामी उंबऱ्यातच थांबल्या. तेव्हा मला कळलं की ते पऱ्हे ढोरांसाठी नव्हते. बांधीत जी रोपं मरतात, त्यांच्या जागी लावायला म्हणून ते राखून ठेवले होते. शहरातली आई असती तर पोरांचे चिखलाचे कपडे बघून ओरडली असती. इथं कपड्यांकडे कोणी पाहिलंच नाही. चार बाया अंगणात उभ्या राहून ओळी बघत होत्या. मी शिव्या खायच्या तयारीनं उभी होते.

"बाप्पा," एक जण म्हणाली, "एवढी सरळ ओळ तर माहीही नाही येत."

सगळ्या हसल्या. वाकून त्यांनी ते पऱ्हे हळूच उपटले, धुऊन पुन्हा पेंढ्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी बांधीत लावले, आणि ते जगलेही. काही बिघडलं नाही. बिघडलं ते त्या पेंढ्या बांधता बांधता. शेजारीण म्हणाली, "मामी, निंदणालेही पोट्टे इथंच ठेवू मंग. मायं पोट्टं तर घरी राह्यतच नाही आता."

"ठेवा ना," मामी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माझं कौतुक होतं, ते मला कळत होतं. "ती कुठं जाऊन राहिली? निंदणाले ठेवा, कापणीलेही ठेवा."

चार घरांना चारचौघांत शब्द देऊन झाला. मी तिथंच बोलायला पाहिजे होतं. दोन शब्द पुरले असते, सोमवारी जायचं आहे. पण मला वाटलं, यांना आठवायला नको का? स्वतःच कबूल केलं होतं ना? मी तोंड शिवून स्वयंपाकाला लागले, भाकरी जरा जास्तच जोरात थापली. माझा स्वभावच तसा आहे. समोरच्यानं ओळखावं म्हणून मी गप्प बसते, आणि त्यानं ओळखलं नाही की माझ्यावर अन्याय झाला असं धरते.

नवरा नागपूरजवळच्या एका कारखान्यात कामाला आहे, रविवारी येतो. त्याला सांगितलं. "मी बोलतो आईशी," तो म्हणाला. दुपारी जेवला, झोपला, संध्याकाळी गाडीला किक मारून गेला. आईशी धानाच्या भावावर बोलला.

सोमवारी सकाळी मी आंघोळ करून बरी साडी नेसले. का नेसले माहीत नाही. सातला बाहेरची सातही पोरं दारात हजर. मामी डोक्याला फडकं बांधून निघाल्या, शेवटच्या बांधीची रोवणी होती. "कडी लावून घे वं," असं जाता जाता म्हणाल्या. दहाला मालकाचा फोन आला. मी उचलला नाही. अकराला आला, तोही उचलला नाही. मग आला नाही.

"काकू, आता काय खेळायचं?"

मी पाट उभा केला, त्याच्यामागे बसले आणि म्हटलं, हे कॉम्प्युटर. तुम्ही रांगेत या. अंगणातल्या पळसाची पानं म्हणजे अर्ज. भेंडी कापून कुंकवाच्या पाण्यात बुडवली की झाला शिक्का. पोरं रांगेत आली. कोणाला जातीचा दाखला पाहिजे होता, कोणाला बैलाचा, एकाला आईस्क्रीमचा. मी नाव विचारायची, वय विचारायची, आधार कार्ड जोडा म्हणायची. पान घेऊन शिक्का मारायची. खरं सांगते, मला रडू येत होतं आणि मजाही वाटत होती. माझी मुलगी शेवटी आली. म्हणाली, "मॅडम, मले बाहेर जायचा दाखला पाहिजे." तो शब्द बाकीच्यांना असा आवडला की सगळे पुन्हा रांगेत लागले. मी आठही जणांना बाहेर जायचे दाखले दिले.

"आणि तुले?" मुलीनं विचारलं.

"मले तुझी आजी देईल," मी म्हणाले. हे मी रागानं म्हणाले, पोरीला समजावं म्हणून नाही. पण चार वर्षांच्या पोरीला राग कळत नाही, काम कळतं. तिनं एक पान वेगळं ठेवलं.

संध्याकाळी मामी बायांबरोबर आल्या. अंगणात बादलीत पाय धूत होत्या. मुलगी पान घेऊन पुढे गेली. "आजी, आईले बाहेर जायचं आहे. सही कर."

बाया हसायला लागल्या. मामी हसल्या नाहीत. त्यांनी पान हातात घेतलं, तो लाल शिक्का पाहिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मले कोणं देल्ला होता का असा दाखला?"

आवाजात राग नव्हता. पस्तीस वर्षं त्या याच अंगणात पाय धूत होत्या, आणि त्यांनी साधं खरं तेवढं सांगितलं. मला त्यांची दया यायला पाहिजे होती. आली नाही, उलट माझं डोकं भडकलं.

"नाही ना देल्ला," मी म्हणाले. "म्हणून तर तुम्हालेच मागून राहिली."

एकेक जण आपलं पोर उचलून निघून गेली. रात्री मामींनी आपलं ताट आपणच वाढून घेतलं.

सकाळी मी उठले तेव्हा चूल पेटलेली होती आणि मामी चहा गाळत होत्या. डोक्याला फडकं बांधलेलं नव्हतं. त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला.

"चार घरी सांगून आली मी," त्या म्हणाल्या. "पोट्टे मी पाहीन, निंदणाले जाणार नाही. केव्हा जावं लागते तुले?"

"काल," मी म्हणाले. "काल गेली असती तर घेतलं असतं. आता दुसरी बसवली."

मामींनी गाळणी खाली ठेवली. "मंग सांगितलं काहून नाही?" त्यांनी विचारलं.