बाहेरून जिना

मुलाचं लग्न ठरायच्या आधी वर्षभर आमच्या ह्यांनी घरावर वरचा मजला चढवला. वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या अलीकडे आमची छोटी वाडी आहे. केळी, अळू, थोडा मोगरा, आणि मागे बावखल, म्हणजे तळं. वाडीचं शिंपण त्याच्याच पाण्यावर. हे कारखान्यात सुपरवायझर होते. सकाळ-संध्याकाळ वाडी आणि मधे नोकरी, असं त्यांचं आयुष्य गेलं. मजला झाला तेव्हा आळीतली माणसं बघायला आली. दोन खोल्या, आत न्हाणीघर, पुढे गच्ची. "पोराला आता कुठे जायला नको," हे प्रत्येकाला सांगायचे.

जिना मात्र घरातूनच काढला, तोही स्वयंपाकघरातून. वर जायचं तर ओट्यासमोरून जायचं.

सून नालासोपाऱ्याजवळच्या आचोळ्याची. तिथे दोन खोल्यांत वाढलेली, अंधेरीला ऑफिसात हिशेब बघणारी, बोलायला सरळ. आमची घरची बोली तिला सुरुवातीला कळायची नाही, पण ती हसून पुन्हा विचारायची. घरी यायला तिला रोज उशीर व्हायचा. हे पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसलेले. "आलीस?" एवढंच विचारायचे. त्यात राग नव्हता, पण तो प्रश्न रोज होता. तिचं पार्सल आलं तरी ह्यांच्या हातून वर जायचं, तिचा भाऊ आला तरी आधी ह्यांच्यापुढे बसायचा, नवरा-बायको सिनेमाला निघाली तरी ओट्यासमोरून, माझ्या पोळ्या चालू असताना. मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. मी पाठ करून उभी राहायचे.

एका रविवारी जेवणं झाल्यावर मुलाने विषय काढला.

"बाबा, वर जायला बाहेरून जिना करू या का? पत्र्याचा केला तरी चालेल."

"बाहेरून कशाला?"

"हिला यायला उशीर होतो. आणि वर एक छोटा ओटा घातला तर सकाळचा चहा, डबा वरच होईल. आईलाही आराम."

"तुझ्या आईने मागितलाय आराम?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "एका घरात दोन चुली पेटल्या की घर फुटतं. माझ्या आईने ते होऊ दिलं नाही आणि मीही देणार नाही."

त्यांच्या आईचं नाव निघालं आणि माझ्याने राहवलं नाही. त्या माउलीच्या स्वयंपाकघरात मी उभं आयुष्य हाताखालची म्हणून काढलं होतं. भाजी कुठली, मीठ किती, कुणाच्या ताटात किती, सगळं त्या ठरवणार. मसाल्याचा डबा त्यांच्या उशाशी. मी माहेरहून आणलेली कढई त्यांनी माळ्यावर टाकली, ती त्या गेल्यावरच खाली आली, तेव्हा माझा मुलगा नोकरीला लागला होता. त्यांना मी वाईट म्हणत नाही, त्यांच्या सासूने त्यांचं तेच केलं असणार. पण त्याला घर न फुटणं म्हणायचं, हे मला सहन झालं नाही.

मी म्हटलं, "तुमच्या आईने काय होऊ दिलं नाही ते मला विचारा ना. करून द्या जिना. काही फुटत नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू मधे पडू नकोस," म्हणाले आणि वाडीत निघून गेले.

पुढे वर्षभरात मुलाने विरार पश्चिमेला फ्लॅट घेतला. आम्हाला सांगितलं तेव्हा बोलणी होऊन गेली होती. सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा हे केळीत पाणी सोडत होते. मुलगा दोनदा बांधापर्यंत जाऊन आला. दुसऱ्या वेळी त्याने हाक मारली, "बाबा, निघतो." ह्यांनी मान न वळवता म्हटलं, "पाणी चालू आहे." टेम्पो गेल्यावरही ते तिथेच होते. पाणी केव्हाच बांध फोडून शेजारच्या वाडीत शिरलं होतं. शेजारी ओरडत आला तेव्हा ह्यांनी पंप बंद केला.

वास्तुशांतीला हे आले नाहीत. अंगात कणकण आहे म्हणाले. मी एकटी गेले. केळीचा एक घड आणि मोगऱ्याचे गजरे घेऊन मी सोसायटीच्या लिफ्टमध्ये उभी, तेव्हा एका बाईने विचारलं, "फुलवाली का? कितव्या मजल्यावर?" मी म्हटलं, "मुलाकडे आलेय." ती ओशाळली. मी काही फार मनाला लावून घेतलं नाही, निदान तेव्हा तसं वाटलं.

वर सुनेची आई पदर खोचून स्वयंपाकघर सांभाळत होती. मी आत गेले तर म्हणाली, "ताई, तुम्ही बसा हो, दमून आलात." मग मी सोफ्यावर बसले. ओट्याखालचे खण आवाज न करता मिटत होते. सून प्रत्येक खण उघडून कुणाकुणाला दाखवत होती, तिचा चेहरा फुललेला होता, आणि मला तिचा हेवा वाटला. तो राग नव्हता. राग परवडला असता. मला पन्नाशी उलटल्यावर जे मिळालं ते ह्या मुलीने तिशीच्या आत मागितलं, आणि मिळेना तेव्हा उठून दुसरीकडे उभं केलं. मला ते कधी सुचलंसुद्धा नव्हतं.

मुलाने पाया पडताना विचारलं, "बाबा खरंच आजारी आहेत?"

"आहेत," मी म्हटलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुलाच्या पाठची आमची मुलगीही घर सोडून गेली. तिचं लग्न व्हायचं होतं, हेच ह्यांना जास्त लागलं. ठाण्याला नोकरी, येण्याजाण्यात जीव जातो म्हणून तिने तिथे मैत्रिणीबरोबर भाड्याने जागा घेतली. हे म्हणाले, "लग्नाच्या आधी बापाचं घर सोडलेली मुलगी आपल्या आळीत आजवर नाही."

ती म्हणाली, "मग मी पहिली."

त्यावर ह्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती निघताना मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "आई, तू चल माझ्याबरोबर. महिनाभर राहा. बघ तरी कसं वाटतं." तिने मनापासून विचारलं होतं. मी म्हटलं, "आणि ह्यांना जेवायला कोण घालेल?"  ती बॅग उचलून गेली.

घरात आम्ही दोघं उरलो. आता स्वयंपाकघर माझं होतं, मसाल्याचा डबा माझा, कढई माझी, आणि खाणारी माणसं दोन, त्यातलं एक न बोलणारं. संध्याकाळी वर जाऊन मी खोल्यांचे दिवे लावून यायचे. हे म्हणायचे, "बिल कोण भरणार?"

पावसाळा तोंडावर आला आणि एक दिवस गवंडी आला. विटा, वाळू, सळ्या येऊन पडल्या. मी विचारलं तेव्हा ह्यांनी सांगितलं, वरचा मजला भाड्याने देतोय. बंद घराला वाळवी लागते.

"आणि हे सामान?"

"बाहेरून जिना काढतोय. भाडेकरू आपल्या घरातून कसे जाणार?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना आपण काय बोललो ते कळलं नव्हतं, की कळूनही ते बोलले होते, हे मला आजही सांगता येत नाही. जिना चांगला पक्का झाला, सिमेंटचा, कठड्यासकट. वर ओटा घातला, त्यावर कडाप्पा. स्वयंपाकघरातून वर जाणाऱ्या वाटेला विटा लावून गिलावा केला. गिलावा वाळेपर्यंत ओट्याशी उभं राहिलं की ओल्या सिमेंटचा वास यायचा.

भाडेकरू तरुण जोडपं होतं, बाहेरगावचं. तो कामणला एका गोदामात सुपरवायझर, ती घरी, आणि एक लहान मुलगी. माणसं चांगली. त्यांच्यावर माझा काहीच राग नाही. ती बाई रात्री कुणाची वाट बघते, नवरा किती वाजता येतो, ह्यांनी कधी विचारलं नाही. त्यांच्या घरात नाक खुपसायचं नाही, असं मलाच बजावलं.

गणपतीला मुलगा-सून आली, मुलगी आली नाही. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, आजेसासऱ्यांपासूनचा. मुलगा रिक्षातून उतरला आणि अंगणातच थांबला. बराच वेळ नुसता बघत होता. मग आत आला, चप्पल काढली, हात धुतले.

"जिना छान झालाय, बाबा," तो म्हणाला.

"भाडेकरूंना लागतो," हे म्हणाले.

"हो. त्यांना लागणारच."

सून माझ्यासमोर बसून मोदकात सारण भरत होती. तिचा हात थांबला.  नंतर तिने एवढंच विचारलं, "आई, वर ओटापण घातला?" मी मान हलवली. तिने मोदकाच्या कळ्या एकत्र आणून टोक काढलं आणि तो ताटात ठेवला.

आरती झाली, जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी विसर्जन करून बावखलावरून परत येताना मुलगा म्हणाला, "बाबा, पुढच्या वर्षीपासून आम्ही आमच्याकडे बसवू."

"एका घराण्याचे दोन गणपती होत नाहीत."

"चूल वेगळी झाली की गणपती वेगळा होतो. तुम्हीच सांगायचात."

हे रिकामा पाट हातात घेऊन पुढे चालत होते. तसेच चालत राहिले. मला वाटलं आता थांबतील, एखादा शब्द बोलतील. माझ्या मते मुलगाही त्यासाठीच मागे रेंगाळत होता. बाप थांबला नाही, मुलाने हाक मारली नाही. मी दोघांच्या मधे चालले होते, आणि पहिल्यांदा मला दोघांचाही सारखाच वीट आला. एकाने घर धरून ठेवायला ते मोडलं. दुसऱ्याला बापाला हरवायचं होतं. मला त्यात काय हवंय, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी आमच्या आरतीला मी, हे आणि वरची ती लहान मुलगी. ती ह्यांना आजोबा म्हणते. टाळ तिच्याच हातात होते. हे तिला ताल शिकवत होते, हसत होते. आमच्या मुलांना त्यांनी कधी ताल शिकवला नाही. तेव्हा त्यांना वेळ नव्हता.

त्याच वर्षी दिवाळीनंतर सूनबाईला मुलगी झाली. बाळंतपण तिच्या आईकडे, आचोळ्याला. बारशाला हे आले, भिंतीला टेकून बसले, बाळाच्या हातात चांदीचे वाळे ठेवले आणि जेवून परत आले. मुलगा त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेला. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. बहुधा काहीच नाही.

सून विरारला परत आल्यावर एका दुपारी मला राहवेना. डिंकाचे लाडू केले होते, वाडीतली अळूची पानं होती. दोन रिक्षा बदलून गेले. गेटवर वॉचमनने अडवलं, वर फोन लावला. "मॅडम, नीचे कोई आंटी आयी है." मी उन्हात उभी. थोड्या वेळाने त्याने हाताने जा म्हटलं.

सुनेने दार उघडलं. केस सुटलेले, डोळे तारवटलेले. बाळ आत नुकतंच झोपलं होतं आणि इंटरकॉमच्या आवाजाने उठून रडायला लागलं होतं. तिने मला पाणी दिलं, बाळ माझ्या मांडीवर दिलं, लाडवांचा डबा फ्रिजवर ठेवला. सगळं नीट केलं. बाळ शांत झालं तेव्हा समोर बसून म्हणाली, "आई, राग मानू नका. पुढच्या वेळी फोन करून या. मला रात्रभर झोप नसते, दुपारी तेवढीच पडते."

"हो," मी म्हटलं.

ती चुकीचं बोलली नाही. माझ्या सासूला असलं एक वाक्य मला बोलता आलं असतं तर मी कोण झाले असते, कुणास ठाऊक. मला तिचं कौतुकही वाटलं, आणि लागलंही. दोन्ही एकदमच. तिने जेवायचा आग्रह केला. जेवून आलेय, असं मी सांगितलं. बाळाच्या कपाळाला ओठ लावून निघाले. लिफ्टमध्ये कुणी नव्हतं.

घरी पोचले तेव्हा हे अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"कशी आहे पोर?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यावर गेलीय. कपाळ तसंच."

 मग ते म्हणाले, "आणि तो? काही म्हणाला?"

"तो ऑफिसात होता."

त्यांनी मान हलवली. खुर्चीच्या हातावरची धूळ पुसली. त्यांचं वय झालंय हे मला त्या क्षणी दिसलं, पण मला दया आली नाही. यायला हवी होती. मी आत जाऊन पाय धुतले आणि तांदूळ निवडायला घेतले, दोघांपुरते.