अम्माची मूक्कुत्ती

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. आमचे श्रीनिवासमामा न पोळताच फुंकायचे. तंजावरच्या मेलवीधीतले दुकानदार त्यांना दुरून बघूनच तराजू पुसायला घ्यायचे.

पण अठ्ठ्याण्णव सालच्या त्यांच्या संशयाला मी हसलो नाही. मामा रांगत होते तेव्हाच त्यांची आई वारली. तिचा एकच फोटो, तोही विटलेला. निगेटिव्ह पेटीत होती, पण तिलाही बुरशी लागत चाललेली. आई दुसऱ्यांदा जाईल, अशी त्यांना धास्ती होती.

गावात तेव्हा नुकतेच स्कॅनर आले होते. मामांनी दोन दुकानांतल्या स्कॅनरची परीक्षा घेतली. बस स्टँडजवळच्या स्कॅनरवर जुना फोटो दिला. काळा रंग राखेसारखा आला, डोळ्यांच्या जागी नुसते डाग. मुरलीच्या दुकानात झाकणात दिवा असलेला नवा स्कॅनर होता. त्यावर निगेटिव्ह ठेवली, तर केसन्‌केस सुटा दिसला. मी म्हटलं, हाच फोटो घ्या.

"बरा असेल, पण ही अम्मा नव्हे," मामा म्हणाले. "यंत्रांत दुसरीच कोणी बाई शिरली आहे."

भिंग घेऊन ते ठिपके तपासत बसले. मुरलीवरचा संशय वाढतच गेला. शेवटी थोरल्या बहिणीला, वेंकूमावशीला दाखवलं. तिनं फोटो नाकाशी धरला आणि हसत सुटली.

"अरे, हिला तमिळ अय्यर मामी केलें! आपल्यांत मूक्कुत्ती डाव्या नाकांत. ही बघ, उजवीकडे चमकते."

काखेत कळसा अन् गावाला वळसा! आम्ही तिघं मुरलीकडे गेलो. तो तमिळमध्ये भाबडेपणानं म्हणाला, "सार, चमकी डावीकडं दिसली. निगेटिव्ह पालथी पडली असेल, म्हणून मीच उलटवली." त्याच्या घरच्या बायका उजवीकडं घालत. मराठी नाक वेगळं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चुकीचा चेहरा मामांनी समोर बसून पुसायला लावला. वर, "कुठं लपवून नाही ना ठेवलास?" मग निगेटिव्ह सरळ ठेवल्यावर अम्मा पडद्यावर आली. विटलेल्या फोटोत ती कायम रागावलेली वाटे. इथं ओठ मिटलेले होते, पण डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या. हसू आवरत होती. परक्या बाईचं म्हणून ते आम्ही पाहिलंच नव्हतं.

"तूं माझ्या कडेवर होतास, कॅमेऱ्याच्या मागं," मावशी म्हणाली. "तुला बघून हसते ती."

"खरं?"

"खरं."

मामांनी पुन्हा विचारलं नाही.