सासूबाईंच्या पुडिंगवरची ज्योत

लग्न होऊन सोलापुरात आले, तो माझा पहिला नाताळ. माहेरीही आम्ही ख्रिस्तीच, पण खेड्यातले. आमचा नाताळ म्हणजे टाळ घेऊन भजन आणि घरी करंज्या. सासरी सगळं निराळं. सासूबाई मिशनच्या बोर्डिंगात एका इंग्रज मॅडमच्या हाताखाली वाढलेल्या. त्या मॅडम व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या रीतीनं नाताळ करायच्या. तीच रीत सासूबाईंनी आमच्या दोन खोल्यांत आणली होती. रंगीत कागदाच्या साखळ्या, सुरूच्या फांदीवर मेणबत्त्या, पेटीभोवती उभं राहून गाणी आणि शेवटी पुडिंग.

हे पुडिंग महिनाभर आधी करायचं. मनुका, गूळ, पावाचा चुरा, तूप सगळं फडक्यात बांधून दिवसभर उकडायचं, मग आढ्याला टांगायचं. मला वाटलं, श्रीखंडाचा चक्का टांगतात तसंच असेल, म्हणून मी खाली पातेलं ठेवलं. नणंद हसून हसून जमिनीवर बसली.

"वहिनी, त्यातून काय गळणार? मनुका?"

मी पातेलं उचलून आत नेलं. त्या घरात मी फारशी बोलतच नसे. सासूबाईंना वाटे, पोरीला आपलं घर आवडलं नाही. शेजारणीला त्या तसं म्हणाल्या, ते मी ऐकलं होतं. आवडलं होतं हो, पण माझ्या खेडवळ बोलीत सांगायचं कसं?

पुडिंगची गोष्ट सांगताना सासूबाई एका ठिकाणी थांबायच्या. "मॅडम त्यावर ब्रँडी ओतायच्या आणि काडी लावायच्या. खोलीत अंधार आणि पुडिंगवर निळी ज्योत." मग त्या सासऱ्यांकडे बघायच्या. सासरे पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "या घरात बाटली येणार नाही. औषधालासुद्धा नाही." म्हणून आमचं पुडिंग नुसतंच यायचं.

मला वाटलं, तोंडानं जमत नाही तर एवढं तरी करावं. माझ्या ट्रंकेत आईनं कसर लागू नये म्हणून कापूर घातला होता.

नाताळच्या संध्याकाळी गाणी झाली. मी आत जाऊन पुडिंग ताटात ठेवलं, वर छोटी पितळी वाटी, वाटीत कापराच्या वड्या. पेटवलं, बाहेरच्या खोलीचं बटण बंद केलं आणि ताट घेऊन आले.

ज्योत निळी नव्हती. पिवळीधमक, हातभर उंच, वर काळा धूर. घरभर देवळाचा वास.

"अहो, आता आरती म्हणा!" सासरे म्हणाले.

नणंदेनं पदर तोंडात कोंबला. मी ताट घेऊन तिथंच थांबले. मॅडमच्या नाताळाची मी माती केली, असं वाटलं.

तेवढ्यात दारातून शेजारीण आली. ती तेलुगू विणकरांच्या घरची, आमच्याकडे फराळाला बोलावलेली. समोर कापूर जळताना पाहून तिनं दोन्ही हात ज्योतीवर धरले, डोळ्यांना लावले आणि कनवटीचं दहा पैशांचं नाणं ताटात टाकलं.

"थांबलीस का गं पोरी? पुढं ने की, समद्यांना दे!"

सासूबाई एकदम हसल्या. इतक्या, की पेटीला धरून उभ्या राहिल्या.

"अगं, मॅडम पुडिंगात नाणं घालायच्या! ज्याला सापडेल त्याचं वर्ष चांगलं. मी पार विसरले होते." त्यांनी नाणं उचललं, पाण्यानं धुतलं आणि पुडिंगात खुपसलं. तोवर कापूर विझला. नवऱ्यानं बटणाकडे हात नेला.

"दिवा लावू नकोस," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आणखी कापूर आहे का गं?"

"हाय की! लई हाय," मी माहेरच्या बोलीत म्हणाले, तेही एवढ्या मोठ्यानं की सगळे बघायला लागले.

"मग आण. आज माझं मन भरू दे."

दुसऱ्यांदा ताट सासूबाईंनी स्वतः धरलं आणि मला शेजारी घेऊन खोलीभर फिरवलं. सासऱ्यांपुढं आलं, तेव्हा त्यांचेही हात नकळत ज्योतीकडे गेले. मग ध्यानात आलं, तशी त्यांनी ते मागं घेतले आणि उगाच कान खाजवला.