एक जूनची तारामती

आपल्याकडं अर्धा तालुका एक जूनलाच जन्मलाय. शाळेत नाव घालताना बापाला तारीख आठवायची नाही, मग हेडमास्तर बिनदिक्कत एक जून लिहून मोकळे, वर्षसुद्धा अंदाजपंचे. मुखेडच्या कचेरीतली तारामती त्यातलीच.

जन्माच्या नोंदी आणि कर्मचाऱ्यांची माहिती असलेला कॉम्प्युटर तिच्या ताब्यात होता. बाकीच्यांचे पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेले. हिचा मात्र नवऱ्यालाही कळला नाही, बिचारा गेला तरी. नोंद बदलायची? अर्ज आणा, पुरावा आणा, साहेबांची सही आणा. सख्खा भाऊ नरसिंग पोरीची तारीख मागंपुढं करून मागायला आला, त्यालाही तेच ऐकवलं. "लई साहेबीण झालीस," म्हणून तो उठला तो उठलाच. तेव्हापासून राखी पोस्टानं जाते. कचेरीत चहालाही तिला कुणी हाक मारत नसे. खोटं कशाला सांगू, तिला ते फार लागायचं.

निवृत्तीला दोन महिने उरले होते. जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढवताना तिला स्वतःचीच जन्मनोंद सापडली. सतरा नोव्हेंबर, सत्तर साल. नोकरीच्या कागदावर मात्र एक जून अडुसष्ट! मास्तरांनी तिची नोकरीची अडीच वर्षं खाल्ली होती. घरी तर बोलायलाही कुणी नव्हतं, कचेरीत निदान माणसांचे आवाज तरी कानावर पडायचे.

शेजारच्या टेबलावरची समीक्षा हळूच म्हणाली, "मॅडम, नोकरीतली तारीख दुरुस्त करायची मुदत कवाच गेली. पण तुमच्या पासवर्डनं दोन मिनिटांचं काम हाय. कोण बघून राहिलंय?"

तारामतीनं स्वतःचं पान उघडलं. कर्सर तारखेवर नेला. एवढंच करायचं होतं, तर नरसिंगला का परत पाठवलं? तिनं पान बंद केलं.

मे सरला. शाल झाली, नारळ झाला. एक जूनला मोबाईलवर कचेरीच्या कॉम्प्युटरनं आपोआप पाठवलेला मेसेज आला, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. दिवसभरात दुसरा आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीच्या खिडकीबाहेर रांगेत उभी राहिली आणि जन्मदाखल्याचा अर्ज आत सरकवला.

आत बसलेल्या समीक्षानं अर्ज उलटसुलट बघितला. "मॅडम, आता काय कामाचा?"

"कामाचा न्हाई. यंदा राखीसंगं नरसिंगला पाठवायचाय. बघू दे त्याला, म्या सोताचीबी तारीख बदलली न्हाई."