आत्याच्या आकाशातल्या पेशी

आमची आत्या भारी संशयी. दूध तापवण्याआधी वास घेणार, कुलूप लावून खाली उतरली की परत चढून ओढून बघणार. अशा बाईने नेमका स्वतःच्याच कामावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, याला काय म्हणायचं!

ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत जिवाणूंवर काम करायची. मोठ्या फुग्याने फार उंचावरून आणलेल्या धुळीत तिला विचित्र पेशी दिसल्या. गोल, बिनरंगी, आत केंद्रक नाही आणि खास प्रकाशात प्रत्येकीच्या पोटात चमकणारी फुली. "अशी पेशी पृथ्वीवर नाही," असं तिने वर्तमानपत्रवाल्यांना सांगूनही टाकलं.

आजोबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, आभाळ ठेंगणं झालं. "काचेत डोळे घालून पोट भरतं का?" म्हणत ज्यांनी जन्मभर तिचा जीव खाल्ला, तेच इमारतीत दारोदार कात्रण दाखवत फिरले. "माझ्या लेकीने परग्रहावरचा जीव शोधला!"

मग दुसऱ्या एका संस्थेने नमुना मागितला. तो पाठवताना आत्याने धूळ न लावलेली कोरी काच तपासली. हे खरं तर सगळ्यात आधी करायचं असतं. कोऱ्या काचेवरही त्याच पेशी! तिने आयोडीनचा थेंब टाकला, तशा त्या निळ्याकाळ्या पडल्या. म्हणजे साधा स्टार्च, तिच्याच रबरी हातमोज्यांना लावलेली पूड. हा प्रयोग शाळेतली पोरंसुद्धा करतात.

घरी येऊन तिने आजोबांना सगळं सांगितलं. मान वर होत नव्हती. "बाबा, मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला."

आजोबा उठले. मग चपला घालत म्हणाले, "डांगोरा मी पिटला, मीच सांगून येतो."

आत्या "नको, नको" करत मागे धावली आणि तिच्यामागे मी. आम्ही जिन्यातच थांबलो. वरच्या मजल्यावरच्या वकीलकाकूंनी दार उघडलं होतं. जन्मात कोणापुढे न वाकलेले आजोबा हात जोडून सांगत होते, "लेकीची काही चूक नाही हो. हातमोजेच खराब निघाले. दुकानदाराने फसवलं बिचारीला."

मला आत्याकडे बघवेना. तिने तोंड पुसलं, वर जाऊन आजोबांचे जोडलेले हात धरून खाली केले.

"हातमोजे चांगलेच होते, काकू," ती म्हणाली. "मीच तपासलं नाही."