मामाचे न गळणारे बूट

मामा बूट पायात घालून बघायच्या आधी त्याला पाणी पाजायचा. दुकानात शिरला की खिशातून डोळ्यांच्या औषधाची जुनी बाटली काढायचा, घरून भरून आणलेल्या पाण्याचा एक थेंब बुटाच्या नाकावर सोडायचा आणि तिथेच उकिडवा बसून बघत राहायचा. थेंब गोल उभा राहिला तर ठीक, पसरला की बूट परत. उल्हासनगरचा एक सिंधी दुकानदार त्याला लांबूनच म्हणायचा, "आओ साईं, आज किसको पानी पिलाओगे?" आम्हा भाच्यांना हसू आवरत नसे. मामा कधी हसला नाही.

मामाला साखर होती आणि तिने त्याच्या तळपायांची जाणीव नेली होती. खडा टोचला, चटका बसला, पाय भिजला, त्याला काही कळत नसे. त्याच्या वडिलांचं असंच झालं होतं. भिजक्या चपलेत एक फोड आला, त्याची जखम झाली आणि शेवटी पाय गुडघ्याखालून गेला. दवाखान्यातून ती उरलेली चप्पल घरी घेऊन यायचं काम मामाकडे आलं होतं. हे त्याने मला एकदाच सांगितलं. सांगताना तो स्वतःच्या पायांकडे असा बघत होता, जणू कुणी ते त्याच्याकडे सांभाळायला दिले आहेत. त्यानंतर मलाही त्या थेंबाचं हसू येईनासं झालं.

त्यात घर मांजर्लीत, तळमजल्यावर, नदीच्या अंगाला. गमबूट घालायला डॉक्टरांनी मनाई केलेली, कारण आत घाम साचून कातडी सडते. म्हणून चामडंच. मामाची सारी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामगारांना बूट वाटण्यात गेली होती, त्यामुळे प्रत्येक चामड्याबद्दल त्याचं मत तयार असे. "सुएडचं ते मखमली चामडं म्हणजे मांडवातला जावई," तो म्हणायचा, "पुढ्यात येईल ते पितो." चकचकीत बुटावर त्याचा मुळीच विश्वास नव्हता. खाली पातळ थर आणि वर प्लास्टिकचा मुलामा, पहिली घडी पडली की तडा गेलाच. बकऱ्याचं मऊ, पण दमाचं नाही. त्याला पटायचं ते म्हशीचं जाड, तेल मुरवलेलं चामडं. तरी शिवणीची धास्ती असायचीच. "अगं, पाणी चामड्यातून येत नाही, सुईच्या भोकातून येतं," म्हणत तो दर रविवारी शिवणीत मेण चोळत बसायचा. मामी म्हणायची, "एवढी सेवा देवाची केली असतीत तर देव दारात उभा राहिला असता."

पण ती नुसती बोलायची. संध्याकाळी मामा आला की बूट तीच काढायची आणि आत हात घालून पार बोटांपर्यंत चाचपायची. मामाच्या हातांच्या बोटांनाही आताशा नीट कळत नव्हतं. मामा खुर्चीत ताठ बसून तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. "कोरडं आहे," मामी म्हणाली की तो पाठ टेकायचा आणि चहा मागायचा. मी माझ्या घरून, कात्रपहून, त्यांच्याकडे गेले की हे बघायची. मामीला बोलायला जरा वेळ लागला तर मीही चहाचं आधण ठेवायची थांबायची.

ज्या वर्षी नदी घरात आली, त्या सकाळी मामीला मी कात्रपला घेऊन आले. मामा मागे राहिला. सिलिंडर, मिक्सर, गाद्या शेजाऱ्यांकडे दुसऱ्या मजल्यावर नेऊन तो तिथेच थांबला. तोवर रस्ते बंद झाले होते. मामीने फोन केला तो बुटांसाठीच. "एकदम टाइट आहेत," मामा म्हणाला. "वरून बघतोय ना, थेंब नुसते घरंगळतायत. तू कशाला घाबरतेस?" आवाजात चक्क अभिमान होता. मामी फोन ठेवून म्हणाली, "मी हात घालून बघितल्याशिवाय मला खरं वाटायचं नाही."

तिचंच खरं निघालं. सिलिंडर नेताना ओट्यावरून मामाचा डावा पाय एकदा गटाराच्या खड्ड्यात गुडघ्यापर्यंत गेला होता. पाणी बुटाच्या वरून आत शिरलं. मामाला ते कळायची सोय नव्हती, आणि पँट पावसाने आधीच चिंब होती. अनवाणी राहायचं नाही हा डॉक्टरांचा नियम, म्हणून परक्या घरात त्याने बूट काढलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर आम्ही पोचलो. मामीने डावा बूट ओढला तेव्हा आतलं पाणी जमिनीवर सांडलं. मेण लावलेल्या शिवणीतून एक थेंबही बाहेर गेला नव्हता. जे चामडं पाणी आत येऊ देत नाही, ते आतलं बाहेरही जाऊ देत नाही. इतक्या वर्षांत हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पाय पांढराफटक, सुरकुतलेला, टाचेची साल सुटलेली. मामा पायाकडे बघत नव्हता, मामीच्या तोंडाकडे बघत होता. तिने पदराने तो पाय टिपायला घेतला.

दिवाळीच्या आत त्याचा पाय गेला. गुडघ्याखालून, वडिलांचा गेला तसाच. दवाखान्यात मी रडले तर मलाच म्हणाला, "चामड्याला बोल लावू नकोस. ते बिचारं इमानदार राहिलं." घरी आल्यावरही तो रविवारी मेण घेऊन बसायचा, फक्त उजव्या बुटाला. दोन पावसाळे काढून मामाही गेला.

मामी आता माझ्याकडेच असते. मागच्या वर्षी मला साखर निघाली. अलीकडे तळव्यांना मुंग्या येतात, आणि कधी कधी त्याही येत नाहीत. त्याचीच भीती जास्त वाटते. मामीला यातलं मी काही सांगितलेलं नाही. पण परवा ऑफिसमधून भिजत आले, तर ती काही न विचारता खाली बसली, माझे बूट काढले आणि एकात हात घातला. मी खुर्चीत ताठ बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिले.