राणोजीमामांचा फर्मा

मद्रासच्या समुद्रकाठचं आइस हाऊस मागं पडलं तसे राणोजीमामा पुन्हा थांबले. जुन्या धोतरात गुंडाळलेली गिटार त्यांनी डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतली आणि समुद्राकडं बघत उभे राहिले. जॉर्ज टाउनातून निघाल्यापासून हे असंच चाललं होतं. कंडक्टरनं एवढं धूड बसमध्ये घेऊ दिलं नाही म्हणून पायी निघालो, असं ते वाटेत भेटेल त्या ओळखीच्याला सांगत होते. खरं म्हणजे दुसरी बस बघायचं त्यांच्या मनातच नव्हतं. मैलापूर जितकं लांबेल तितकं त्यांना बरं होतं.

वाळूच्या कडेला मासळीची पाटी घेऊन बसलेली एक बाई तमिळमध्ये ओरडली, "काय ताता, नातीला निजवून नेताय होय? तोंड तरी उघडं ठेवा तिचं, गुदमरेल की!"

आजूबाजूच्या बायका हसल्या. एरवी मामांनी तिला सवाई उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्यांनी मान खाली घातली आणि चालू लागले.

"मामा, थोडं हसायचं तरी," मी म्हटलं.

"काय हसू, बाई? ती थट्टेनं बोलली. मी खरंच केलं तसं."

मला सोबत धाडलं होतं ते सईबाईंनी, म्हणजे मामांच्या बायकोनं. आदल्या दिवशी त्या आमच्या दारात येऊन म्हणाल्या, "दोनदा गेले तिथवर, आणि गल्लीच्या तोंडावरनं परत आले. तुम्ही संगे असलात तर लाजेनं तरी पुढं पाऊल टाकतील." माझे यजमान रेल्वेत. आम्ही वाईकडून मद्रासला आलो तेव्हा या नवराबायकोनंच आम्हाला बाजार दाखवला, देऊळ दाखवलं, थोडं तमिळ शिकवलं. त्यामुळं नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

राणोजीमामा तंजावरचे. मराठी आमचीच, पण जुन्या वळणाची. पहिल्यांदा ऐकताना कोणी पोथी वाचतंय असं वाटायचं. लहानपणापासून ते वीणा करणाऱ्यांच्या हाताखाली वाढले. पुढं मद्रासला आले आणि जॉर्ज टाउनातल्या एका वाद्यांच्या दुकानात सुतारकाम करू लागले. तिथं एकदा कोणा साहेबाची गिटार मोडून आली. अंग शाबूत, पण मानेवरची पडद्यांची पट्टी वाळवीनं खाल्लेली. मालक म्हणाला, हिच्यासारख्या आपण इथंच केल्या तर?

मग मामांनी फर्मे केले. फर्मा म्हणजे ज्याच्यावरून पुढचं प्रत्येक वाद्य आखायचं तो नमुना. पोटाचा फर्मा त्यांनी अर्धाच कापला. मधली रेघ मारायची, त्या रेघेला अर्धा फर्मा लावून एक बाजू आखायची, मग तोच उलटा करून दुसरी. दोन्ही बाजू केसभरही वेगळ्या निघत नाहीत. फळ्या गरम पाण्यात भिजवून वाकवायचा साचाही त्यांनी फणसाच्या लाकडाचा केला. मी एकदा बघायला गेले होते. ओल्या फळीला ते अशा बेतानं वळवत होते, जसं आपण तान्ह्याला न्हाऊ घालताना मान धरतो.

राहिला पडद्यांचा फर्मा. मूळची पट्टीच नाही, तर पडदे कुठं बसवायचे? मामांनी वीणेवर करतात तेच केलं. वीणेचे पडदे मेणात बसवतात, आणि ते मेण मऊ असताना कानानं सूर जमवून एकेक पडदा पुढंमागं सरकवतात. मामांनी पहिल्या गिटारीच्या मानेवर मेण थापलं, पडदे म्हणून पितळेच्या तारेचे तुकडे आडवे रोवले आणि दिवसभर बसून सूर जुळवले. वाद्य गोड झालं. मग त्या जागांच्या खाचा त्यांनी एका सागवानी पट्टीवर उतरवून घेतल्या. तोच फर्मा. पुढं जेवढ्या गिटारी झाल्या तेवढ्या त्या खाचांवरून.

चूक तिथंच झाली. वीणा एकेक निराळी असते, तिचे पडदे तिच्यापुरते. त्या पहिल्या गिटारीच्या तारा पट्टीपासून फार उंच होत्या. उंच तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो. मामांच्या कानानं तो चढ ओळखून पडदे जरा अलीकडं, खुंट्यांच्या बाजूला घेतले. ते त्या एका वाद्यापुरतं बरोबर होतं. पुढच्या गिटारींच्या तारा खाली बसवल्या, पडदे मात्र तेच. त्यामुळं खुंट्यांजवळ सगळं ठीक, आणि हात जसजसा पोटाकडं जाईल तसतसा सूर उतरत जायचा.

त्यातली एक गिटार राममूर्तींनी आपल्या मुलीसाठी, विमलेसाठी घेतली. राममूर्तीही तंजावरचेच, कचेरीत कारकून. विमला तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. आमच्याकडं भजनाला यायची. गळा असा की देवापुढची समईसुद्धा स्थिर होते असं आम्ही म्हणायचो.

मद्रासेत आल्यापासून आम्हीही नवरात्रात कोलू मांडतो. लाकडी पायऱ्यांवर बाहुल्या, आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या मुलींनी त्यांच्यापुढं काहीतरी म्हणायचं. पायऱ्या दरवर्षी राणोजीमामाच जोडून द्यायचे. त्या वर्षी एक पायरी डगमगत होती, म्हणून ते हळदीकुंकवाच्या वेळीच पाचर ठोकायला आले होते. घर बायकांनी भरलेलं. विमलेनं गिटार आणली होती. ती वाजवत गाऊ लागली. आधी छान. मग वरच्या पडद्यांवर गेली आणि गळा एकीकडं, गिटार एकीकडं. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. पोर लाल झाली. म्हणाली, "मामा, बघा ना, हिचं काहीतरी बिघडलंय."

मामांनी हातोडी ठेवली, गिटार घेतली, मोकळ्या तारा छेडल्या, पहिले तीनचार पडदे वाजवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "वाद्यास काही झालं नाही. पोरीच्या कानातच श्रुती नाही."

एवढी वाद्यं केलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण बोलणार? विमलेनं हळदीकुंकूही घेतलं नाही. त्यानंतर ती भजनाला आली नाही.

चार वर्षं गेली. मागच्या महिन्यात दुकानात एक परदेशी गिटार दुरुस्तीला आली. मामांनी सहज आपला फर्मा तिच्या पट्टीवर ठेवला. खाचा जुळेनात. त्यांना वाटलं, साहेबाचंच चुकलंय. मग त्यांनी तारेच्या लांबीएवढा दोरा घेतला आणि मधोमध दुमडला. वरचा सा बरोबर निम्म्यावर यायला हवा, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. परदेशी गिटारीचा पडदा नेमका निम्म्यावर होता. त्यांची खाच तांदळाच्या दाण्याएवढी अलीकडं. सईबाई सांगत होत्या, त्या दिवशी ते जेवायला बसले आणि हात तसाच भातात ठेवून बसून राहिले.

खांद्यावर होती ती नवी गिटार, नव्या फर्म्यावरची. काखेत कापडात बांधलेली जुनी सागवानी पट्टी.

मैलापुरात गल्लीच्या तोंडाशी मामांचे पाय अडखळलेच. मी पुढं होऊन कडी वाजवली. दार विमलेनंच उघडलं. आता शाळेत शिकवते. मामांनी ओसरीवर गिटार ठेवली, पट्टी सोडली आणि उभ्याउभ्याच, तिच्याकडं न बघता सगळं सांगितलं.

विमला पट्टीवरच्या खाचांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "शाळेच्या प्रार्थनेला मी नुसते ओठ हलवते, मामा. मुलांना कळतं. ती हसतात."

तेवढ्यात आतून राममूर्ती आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"वा, राणोजीराव! भरल्या घरात गरजलात, आणि आज माझ्या ओसरीवर येऊन कानात सांगता? ज्यांनी ऐकलं त्यांना कोण सांगणार? मी दारोदार हिंडू?"

"अप्पा, पुरे," विमला म्हणाली. तिनं मामांना पाणी आणून दिलं. नवी गिटार मात्र उचलली नाही. निघताना मी विचारलं, "नवरात्रात येशील ना गं?" ती म्हणाली, "बघू, मावशी."

परत येताना मामा कपालीश्वराच्या तळ्याच्या पायरीवर बसले. देवळात सायंपूजेची घंटा चालू होती. मी हात जोडले. मामांनी जोडले नाहीत. पट्टी मांडीवर आडवी धरून बसले होते.

"राममूर्ती खोटं नाही बोलिला," ते म्हणाले.

"रागात होते ते, मामा. तुम्ही आलात, सांगितलंत. देव बघतो."

"देवापुढं नाही बोलिलो मी तेव्हा. अस्क्या बायकांपुढं बोलिलो." अस्क्या म्हणजे सगळ्या; रागात किंवा दुःखात त्यांची बोली अशी दाट व्हायची. "बाई, नवरात्र जवळ आलं. पायऱ्या मीच जोडून देतो. पण एक मागतो तुम्हांजवळ."

"सांगा ना."

"हळदीकुंकवाच्या दिवशी मी आत येत नाही, बायकांचा मेळा असतो, ठाऊक आहे मजला. त्या अस्क्या आल्या म्हणजे मजला उंबऱ्याशी बोलवा. हा फर्मा दाखवून सांगतो, खोटा हा होता, तिचा कान नव्हे. हसल्या तर हसू द्या, मध्ये पडू नका. विमलेस आवतण धाडा. ती न आली तरी मजला बोलवा. एवढं कराल, बाई?"